सातबाऱ्याचें जुनें पान

बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं आतां दर वेळीं चावडीचे हेलपाटे घालावे लागत नाहींत. १ मे २०१८ पासून महाराष्ट्र शासनानें डिजिटल स्वाक्षरीचे उतारे देण्यास प्रारंभ केला. त्यामुळें मेहकर वा चिखली तालुक्यांतील जमिनीचा उतारा पुण्यामुंबईस राहणाऱ्या भावंडांसहि घरबसल्या मिळूं शकतो. ही सोय सामान्य नव्हे. परंतु तेवढ्यावरून जुनीं दप्तरें निरुपयोगी झालीं असें मानणें मात्र धोक्याचें आहे.

सातबारा म्हणजे गांवच्या महसुली दप्तरांतील दोन नमुन्यांचा मेळ. जमीन कोणाच्या नांवें व किती, हें नमुना सात सांगतो. तींत काय पिकलें, हें नमुना बारा सांगतो. हीं पानें पिढ्यान्‌पिढ्या हातानें लिहिलीं गेलीं आणि पुढें त्यांवरील मजकूर संगणकांत उतरविण्यांत आला. नक्कल करतांना चूक होणें हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. समजा, एखाद्या विधवेचें नांव वारसांतून गळलें, किंवा तिच्या हिश्श्याचा एक आंकडा चुकला. यंत्र ती चूक स्वच्छ अक्षरांत हजार वेळां छापून देईल आणि त्या बाईचें पीककर्ज मात्र अडून राहील.

म्हणूनच २०१७ सालीं राज्यांत चावडीवाचन झालें. संगणकांतील नोंदी गांवकऱ्यांपुढें वाचून हस्तलिखित सातबाऱ्याशीं ताडून पाहण्यांत आल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ नें लेखनप्रमाद सुधारण्याची वाट ठेविली आहे. पण प्रमाद झाला हें दाखवावयाचें, तर आधार लागतो तो जुन्या पानाचाच. नक्कल खरी कीं खोटी, हें नकलेसच विचारून कळत नाहीं.

कागद अमर आहे, असें मात्र नव्हे. वाळवी, ओल व आग हे त्याचे शत्रू. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणीं चिंध्यांच्या लगद्यापासून होणारा हातकागद लांब तंतूंमुळें दीर्घकाळ टिकतो. उलट लांकडाच्या लगद्याचा, तुरटीची खळ दिलेला गिरणीचा कागद अंगच्या आम्लामुळें कांहीं दशकांतच पिवळा पडून ठिसूळ होतो. तेव्हां जुन्या दप्तरांचीं छायाचित्रें यंत्रांत सांठविणें अगत्याचेंच आहे. परंतु यंत्रांतील सांठाहि वीज, उपकरण आणि वाचनप्रणाली यांवर अवलंबून असतो व ठराविक काळानें तो नव्या साधनावर उतरवावा लागतो. एकानें दुसऱ्याची जागा घ्यावयाची नसून, एकानें दुसऱ्यास सांभाळावयाचें आहे.

ज्या शहरी कुटुंबांची गांवीं शेती आहे, त्यांनीं घरांतील खरेदीखतें, फेरफार व हस्तलिखित उतारे सुती कापडांत बांधून कोरड्या जागीं ठेवावे. त्यांवर उष्णतेनें प्लॅस्टिक चढवूं नये. तें पुढें कागदास इजा न होतां निघत नाहीं. आणि एकदां तरी ते नव्या उताऱ्याशीं ओळीनें ताडून पाहावे. फरक आढळल्यास तहसीलदारांकडे वेळींच अर्ज करावा. जुन्या नोंदीची हकीकत सांगणारीं वडील माणसें घरांत आहेत, तोंवरच तें काम सोपें असतें.