दिवसाची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग : आपल्या धंद्यात बॅटरी बसवावी का?

सातारा, कराड, मिरज, विटा इथल्या आपल्या छोट्या व्यावसायिकांना सध्या एकच प्रश्न पडलाय. सोलरवाले येऊन सांगतात, "बॅटरी घ्या, लाइट बिल निम्मं होईल." हे कितपत खरं आहे? सही करण्याआधी हिशोब समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

नियम काय बदलला?

केंद्र सरकारने 14 जून 2023 रोजी वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिचा सार असा : ऊन असतं त्या आठ तासांत वीज स्वस्त द्यायची आणि मागणी जास्त असते त्या वेळी महाग. याला टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर, म्हणतात.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने 28 मार्च 2025 रोजी नवे दर ठरवले. त्यावर फेरविचार होऊन 25 जूनला दुसरा आदेश आला आणि 1 जुलै 2025 पासून तो लागू झाला. पुढे यावरून उद्योजक न्यायालयातही गेले. टक्केवारीत फेरफार होत राहील, पण दिशा स्पष्ट आहे : सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सूट, संध्याकाळी 5 ते रात्री 12 जादा आकार.

पूर्वी उलटं होतं. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यांना युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची. विट्याच्या यंत्रमागवाल्यांनी किंवा कोल्ड स्टोरेजवाल्यांनी रात्रपाळीचं गणित त्यावर बसवलं असेल, तर ते आता नव्याने मांडावं लागेल.

20 किलोवॅटच्या वरच्या धंद्यांना टीओडी आधीपासूनच आहे. स्मार्ट मीटर बसतील तसे छोटे ग्राहकही यात येतील.

संध्याकाळच महाग का?

दिवसा राज्यात सोलरची वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती बंद होते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ही तूट भरायला साठवलेली वीज लागते.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे नवीन नाही. कोयना धरण म्हणजे एक मोठी बॅटरीच समजा. पाणी अडवून ठेवायचं आणि मागणी वाढली की सोडायचं. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. पण पाणीवाटपाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला 67.5 टीएमसी पाणीच वळवता येतं. म्हणून आता मोठ्या बॅटऱ्या आणि पाणी पुन्हा वर चढवणारे उदंचन प्रकल्प यांच्यावर भर आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणानेही सल्ला दिला, की सोलरच्या नव्या निविदांमध्ये क्षमतेच्या किमान 10 टक्के, दोन तासांची साठवण असावी.

आता दुकानाचा हिशोब

समजा मिरजेत एक बेकरी आहे. रोज संध्याकाळी 20 युनिट लागतात. सोपं पडावं म्हणून दर 8 रुपये धरू, दिवसा 15 टक्के कमी, संध्याकाळी 20 टक्के जास्त. म्हणजे दिवसाचं युनिट 6.80 रुपये आणि संध्याकाळचं 9.60 रुपये.

बॅटरीत भरलेली सगळी वीज परत मिळत नाही, साधारण दहावा भाग वाया जातो. म्हणून साठवलेलं युनिट पडतं साडेसात रुपयांच्या आसपास. बचत युनिटमागे सुमारे 2 रुपये. वर्षाला 300 दिवस धरले तर 12 हजार रुपये. बॅटरी 3 लाखांची असेल, तर पैसे वसूल व्हायला 25 वर्षं लागतील. तेवढी ती टिकणारच नाही.

पण त्याच बेकरीत वीज जाते म्हणून रोज 5 युनिट जनरेटरवर काढावी लागत असतील तर? छोटा जनरेटर लिटरमागे साधारण तीनच युनिट देतो. डिझेल 90 रुपये धरलं तर युनिट 30 रुपयांना पडलं. इथे बॅटरी वर्षाला 33 हजारांच्या पुढे वाचवते, शिवाय आवाज आणि धूर नाही. आणि 5 युनिटांसाठी बॅटरीही लहान, म्हणजे बरीच स्वस्त लागते.

थोडक्यात, केवळ दरातल्या फरकासाठी छोट्या दुकानाला बॅटरी परवडत नाही. जनरेटर बंद होणार असेल, तर विचार करण्यासारखी आहे.

आधी बिनपैशाचे उपाय

काम दिवसावर आणता येईल तेवढं आणा. पीठ मळणं, दळण, वेल्डिंग, इस्त्री, पाण्याची मोटर, ई-रिक्षाचं चार्जिंग दुपारी उरका. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज दुपारीच नीट थंड करून घेतलं तर संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालतो. रमजानमध्ये आपली गिऱ्हाइकी इफ्तारनंतर असते, ती हलवता येणार नाही. पण भट्टीमागचं यंत्रावरचं काम दुपारी होऊ शकतं.

सही करण्याआधी

- बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा. कोणत्या वेळी किती युनिट जातात ते पाहा.
- छतावर सोलर असेल, तर दिवसाची शिल्लक युनिट संध्याकाळच्या महाग युनिटमधून तशीच्या तशी वजा होतील असं धरून चालू नका. महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारा.
- 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर पॅनेलवर जीएसटी 5 टक्के आहे, बॅटरीवर 18 टक्के. कोटेशनमध्ये दोन्ही वेगळे मागा.
- वॉरंटी किती वर्षांची, किती वेळा चार्ज करण्याची, हे कागदावर घ्या.
- "शून्य व्याज" हप्ता असेल तर रोखीची किंमतही विचारा. व्याज टाळणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तर ही चौकशी आवर्जून करावी. बऱ्याचदा व्याज किमतीतच मिसळलेलं असतं.

आम्ही बॅटरीच्या विरोधात नाही. किमती उतरतायत, पुढच्या काही वर्षांत गणित बदलेलही. पण हलाल कमाईचे लाखभर रुपये गुंतवताना विक्रेत्याच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. एक वही घ्या, बिल घ्या आणि घरात कॉलेजला जाणारा मुलगा-मुलगी असेल त्यांना सोबत बसवा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होईल.