बार धरण्याआधी दोन घास

इंग्लंडमधली एक निवासी बॅले-शाळा, डिसेंबरचा दिवस, मुलगी चौदा वर्षांची.

सकाळी 7. बाहेर अंधारच. ओट्सची लापशी, केळं, पेलाभर दूध. पेल्यात साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम; या वयाच्या मुलीला तिथे दिवसाला 800 सांगतात. जोडीला ‘ड’ जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची गोळी. हिवाळ्यातलं तिथलं ऊन त्यासाठी पुरत नाही, आणि हिचा दिवस तर छपराखालीच जातो.

8.30. गणित, फ्रेंच.

10.30. मधली सुट्टी. खरी गोम इथे आहे. थोड्याच वेळात अंगाला चिकटून बसणारा लिओटार्ड चढवून भिंतभर आरशासमोर उभं राहायचं. पोट दिसेल म्हणून हातातला सँडविच पिशवीत परत जातो. मग बारवर, म्हणजे भिंतीलगतच्या आधाराच्या दांड्याशी, प्लिये (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाय ताणणं). तासाच्या शेवटी उड्या येतात तेव्हा पाय लटपटतात. शिक्षिकेला वाटतं, पोरीनं सराव केलेला नाही.

दुपारी 1. पास्ता, मासा, पालक. आता मात्र ती वाढून घेते दोनदा.

2.30. पॉइंट. कापड, कागद आणि खळीचे थर देऊन कडक केलेल्या बुटाच्या टोकावर सगळा देह तोलायचा. पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बुडाशी तडा जाणं हे बॅलेतलं ओळखीचं दुखणं. दोष सरावाच्या माथी मारला जातो, पण अनेकदा खाणंही कमी पडलेलं असतं. पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर काटकसर करतं: पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाड भरायच्या वयातच ते कच्चं राहतं. पाळी गेली की काही मुलींना सुटल्यासारखं वाटतं. मला याचीच जास्त भीती वाटते. मुलगेही यातून सुटत नाहीत. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या कमी खाण्यातून येणाऱ्या या दुखण्याची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्यांनाही त्यात धरलं.

5. दही, टोस्ट, फिजिओ.

6. ‘नटक्रॅकर’ बॅलेची तालीम. बारीक दिसण्याचा हट्ट जुना आहे, आणि तो एकट्या मुलांचा नाही. व्हिएन्नाच्या ऑपेराच्या बॅले अकादमीत वजन आटोक्यात राहावं म्हणून मुलांना सिगारेट सुचवली जाई, असं 2019 मध्ये तिथल्या कारभाराची चौकशी करणाऱ्या समितीनेच सांगितलं.

8.30. गरम सूप, पाव, चीज. वसतिगृहाची मेट्रन वजनकाटा बाहेर काढत नाही. ती विचारते, “सकाळचा सँडविच खाल्लास का?”