वेताळ मरत नाही!

*जुना सुपरहिरो नव्याने बाजारात आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं? कागद बदलायचा, अंकाचा नंबर बदलायचा, की मुखवट्यामागचा माणूस? वर्ध्याच्या एका पत्र्याच्या ट्रंकेसमोर बसून घेतलेला हा शोध.*

गेल्या दिवाळीत सेवाग्राम एक्स्प्रेसने सकाळी वर्ध्याला उतरलो, घरी पोचलो, तर सगळं घर रंगकामासाठी अंगणात आलेलं. बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती, तोच आईने बोट दाखवलं, "थे ट्रंक पाह्य आधी. ठेवायची असंन तर मुंबईले घेऊन जा, नाही तर रद्दीवाल्याले देऊन टाकतो मी. तीस वर्षं झाली, झाडून राहिलो!"

ट्रंकेत काय होतं, हे मला न उघडताच माहीत होतं. बाबांची इंद्रजाल कॉमिक्स. मराठीतली. कॉलेजात असल्यापासून वर्धा स्टेशनच्या बुकस्टॉलवरून एकेक करून घेतलेली, सुतळीने बांधलेली, मधल्या पानांवर चहाचे डाग असलेली. मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, कूलरसमोर पालथं पडून हीच वाचली. मित्रांकडे भाड्याने आणलेले हिंदी नागराज आणि डोगा असायचे. आमच्या घरी वेताळ.

मी लगेच फोटो काढून एका ओळखीच्या कलेक्टरला पाठवले. दहा मिनिटांत ऑफर! आकडा माझ्या घराच्या एका ईएमआयइतका. खोटं कशाला बोलू, मी गडबडलो. कारण माझ्या बॅगेत त्याच वेताळाचा नवाकोरा, गुळगुळीत कागदावरचा इंग्रजी अंक होता. नऊ वर्षांच्या भाच्यासाठी घेतलेला. मग प्रश्न पडला, नवं आलंय, तर जुन्याचं करायचं काय? आणि हे 'नवं' म्हणजे तरी काय असतं?

आठशे अंकांचा संसार

थोडा फ्लॅशबॅक. ली फॉक या अमेरिकन लेखकाने फँटमला जन्म दिला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, मुखवट्यात बुबुळं न दिसणारे पांढरे डोळे... पुढच्या सगळ्या सुपरहिरोंचा ड्रेसकोड या माणसाने ठरवला. गंमत म्हणजे त्याच्याकडे सुपरपॉवर एकही नाही. उडत नाही, भिंती चढत नाही. घोडा, लांडगा, दोन पिस्तुलं आणि जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारी अंगठी, एवढ्यावर भागवतो.

भारतात तो आधी 'इलस्ट्रेटेड वीकली'त दिसला आणि मग मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले ३२ अंक नुसता फँटम! नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आली. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा अस्सल देशी हिरो. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ अशा कितीतरी भाषांत ही पुस्तकं निघायची. १९९० मध्ये ती बंद झाली, तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते. याच इंद्रजालच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे काम केलेले अनंत पै पुढे १९६७ पासून 'अमर चित्र कथा' घेऊन आले, हा आणखी एक बोनस.

आणि रीमिक्स म्हणाल, तर ते तेव्हाच सुरू झालं होतं. मूळ गोष्टीतल्या समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची. आपल्याकडे हे चालणार कसं? संपादकांनी त्यांना 'सिंगा' करून टाकलं. फँटमचा देश 'बंगाला', तो झाला 'डेंकाली'. म्हणजे बाबांनी वाचलेला 'ओरिजिनल' वेताळही मुळात आपल्या सोयीने बदलून घेतलेलाच होता. रंगाचंही तेच. अमेरिकेत त्याचा पोशाख जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत चक्क तांबडा. आणि फॉकच्या मनात होता करडा!

रीलाँचचे तीन फंडे

जगभरच्या कॉमिक्स कंपन्यांनी जुन्या हिरोला नव्याने विकण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग शोधले आहेत.

पहिला फंडा एकदम सोपा, जुनंच पुन्हा छापा. कागद चांगला, छपाई झकास, किंमत दणदणीत. इंद्रजालनंतर डायमंड कॉमिक्सने फँटम डायजेस्टच्या आकारात चालवला. पुढे एगमाँट आणि युरो बुक्सनेही प्रयत्न केले. प्रत्येक वेळी थोडा गाजावाजा, थोडे अंक आणि मग शांतता. कारण उघड आहे. हे अंक घेणारा ग्राहक म्हणजे मी. तिशीतला, पगारदार, नॉस्टॅल्जियाने हळवा झालेला. मी अंक घेतो, प्लॅस्टिकमध्ये घालतो आणि शेल्फवर ठेवतो. वाचत नाही! कशाला वाचू, मला गोष्ट पाठ आहे.

दुसरा फंडा, मीटर शून्यावर आणा. 'अंक १' या दोन शब्दांत जादू असते, कारण नव्या वाचकाला वाटतं, चला, इथून सुरू करू. १९९१ मध्ये 'एक्समेन'च्या नव्या अंक १ च्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानांनी उचलल्या. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी एकेकट्याने पाच-पाच घेतल्या. ज्या गोष्टीच्या लाखो प्रती आहेत, तिला भाव कुठून येणार? फुगा फुटला आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलवर दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. तरी मोह सुटत नाही. २०११ मध्ये डीसीने एका झटक्यात ५२ मालिका अंक १ पासून सुरू केल्या. १९३८ पासून चालत आलेलं 'ॲक्शन कॉमिक्स' ९०४ वरून थेट १ वर! पाच वर्षांत उपरती झाली आणि गुपचूप मधले अंक मोजून गाडी पुन्हा ९५७ वर आणली. कारण समोर हजारावा अंक दिसत होता. तो २०१८ मध्ये वाजतगाजत निघालाच.

मीटर शून्यावर आणताना आणखी एक घोळ होतो. वाचकाने हिरोबरोबर काढलेली वर्षं पुसली जातात. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ मध्ये झालं. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, मार्व्हलला वाटलं, बायको असलेला हिरो म्हातारा दिसतो. मग सैतानाशी सौदा दाखवून ते लग्न झालंच नव्हतं असं करून टाकलं. घटस्फोटसुद्धा नाही, सरळ डिलीट! चाहते अजून चिडलेले आहेत.

तिसरा फंडा अवघड, पण माझा लाडका. मुखवटा तोच, आतला माणूस नवा. २००४ मध्ये शरद देवराजन, जीवन कांग आणि मंडळींनी स्पायडरमॅन मुंबईत आणला. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, आंट मेची माया काकू, कमरेला धोतर. चार अंकांत प्रकरण आटोपलं आणि आपण सगळे तेव्हा हसलो होतो. पण २०२३ मध्ये हाच पवित्र 'ॲक्रॉस द स्पायडरव्हर्स'मधून मोठ्या पडद्यावर आला, मुंबई आणि मॅनहॅटनचं कडबोळं केलेल्या 'मुंबॅटन'मध्ये. 'चाय टी' म्हणणाऱ्याला झापणारा, मस्तीखोर, झकास केसांचा. आणि तो सिनेमा आपल्याकडे मराठीसह दहा भाषांत लागला! चार अंकांचा फ्लॉप एकोणीस वर्षांनी हिट. का? यावेळी त्याला कोणी नुसतं धोतर नेसवलं नव्हतं, स्वभाव दिला होता.

वेताळाला रीलाँच लागतच नाही

आता पुन्हा ट्रंकेकडे. वेताळाची खरी आयडिया तुम्हाला आठवतेय ना? १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एकटा माणूस किनाऱ्याला लागतो, बांदर लोक त्याला जीव लावतात आणि तो बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. तो मरतो, तेव्हा मुलगा तोच वेश घालतो. मग त्याचा मुलगा. जगाला वाटतं, हा चारशे वर्षं जिवंत आहे. आपण वाचतो तो एकविसावा. मध्ये ज्युली नावाच्या बहिणीनेही भावाच्या जागी हा वेश घातला होता. आणि एकविसाव्याचं डायनाशी १९७७ मध्ये झालेलं लग्न कोणी पुसलेलं नाही. किट आणि हेलोईज ही जुळी मुलंही आहेत.

म्हणजे इतरांना जे मारूनमुटकून करावं लागतं, ते या गोष्टीच्या पोटातच आहे. ली फॉक १९९९ मध्ये गेला, शेवटपर्यंत लिहीत होता. त्याच्यानंतर दुसऱ्यांनी लेखणी घेतली, पट्टी चालू राहिली. स्वीडनमध्ये १९५० पासून आणि ऑस्ट्रेलियात १९४८ पासून त्याचं मासिक-पुस्तक निघतंय. तिथे नवनव्या गोष्टी लिहिल्या गेल्या. आपण मात्र त्याच त्या गोष्टींवर नवा वर्ख लावत बसलो.

अडचणी नाहीत असं नाही. जंगलातल्या काळ्या लोकांचा रखवाला एक गोरा माणूस, ही कल्पना आज टोचतेच आणि टोचायलाच हवी. पण ज्या संपादकांनी साठच्या दशकात बंगालाचं डेंकाली केलं, त्यांनी रस्ता दाखवला आहे. शपथ तेवढी ठेवा, बाकी हिंमत करून बदला.

'पुढचा कुठे आहे?'

संध्याकाळी गोरसपाक खात मी बाबांना कलेक्टरची ऑफर सांगितली. वाटलं, हळवे होतील. बाबा म्हणाले, "विकून टाक ना बे. वेताळ मेला तर दुसरा येते, कागदाचं काय घेऊन बसला?"

मीच गप्प झालो. कलेक्टरला 'हो' टाईप केलं. पाठवणार, तेवढ्यात ओसरीवरून बाबांचा आवाज. भाचा इंग्रजी शाळेतला, त्याला मराठी अडखळत वाचता येतं. त्याने ट्रंकेतून एक अंक उचलला होता आणि आजोबा त्याला मोठ्याने वाचून दाखवत होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांजवळ पान धरून, चाच्यांचा आवाज वेगळा, वेताळाचा वेगळा. शेवटच्या पानावर गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या अंकात.

"आबा, पुढचा कुठे आहे?"

पुढचा अंक ट्रंकेत नव्हता. १९८० च्या आसपास कोणी तरी नेला, तो परत आलाच नाही. बाबांनी ती उणीव इतकी वर्षं सोसली, मीही सोसली. भाच्याला सोसवेना. मग मी बॅगेतला नवा इंग्रजी अंक काढला, चाळला आणि उडालोच. हीच गोष्ट, पूर्ण! मग उरलेला अर्धा भाग भाच्याने वाचला, इंग्रजीत, आणि आबांना मराठीत समजावून सांगितला.

मला वाटतं, रीलाँच जमलं की फसलं, याची परीक्षा एवढीच आहे. 'आमच्या वेळी काय मजा होती' असं कोणी म्हणालं, तर ते श्राद्ध. 'पुढचा कुठे आहे?' असं कोणी विचारलं, तर हिरो जिवंत आहे.

कलेक्टरला मी 'सध्या नाही' कळवलं. आईला सांगितलं, पोट्ट्याचं वाचून होईपर्यंत ट्रंक हलणार नाही. ती म्हणाली, "मंग झाडाले त्यालेच सांग!"

भाचा झाडतोय. रोज एक अंक काढून.