खोलीतले विमान

आमच्या पुतण्याने दहावीच्या सुट्टीत संगणकाला जोडायची एक दांडी विकत आणली, तेव्हा घरात कोणी फारसे लक्ष दिले नाही. रात्री दुकान बंद करून घरी यावे, तो हा पडद्यासमोर बसून मुंबईहून नागपूरला विमान नेत असे. मध्येच कोणी जेवायला हाक मारली, तर उत्तर येई, "उतरल्यावर येतो." त्याचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, भुसार मालाच्या व्यापारात मुरलेले. "रात्री-अपरात्री बाहेर भटकण्यापेक्षा बरे," एवढेच ते म्हणत. चार वर्षे अशी गेली. मग बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना तो एके दिवशी गादीवर माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काका, अण्णांशी तुम्हीच बोला. मला खरे विमान शिकायचे आहे."

तोवरचा छंद फुकटाचा होता. आता प्रश्न लाखो रुपयांचा झाला. अण्णांशी बोलण्यापूर्वी आपण काही जाणून घ्यावे, म्हणून मी वाचू लागलो आणि पहिलीच गाठ पडली ती एका कारखानदाराच्या मुलाशी.

एडविन लिंक हा अमेरिकेतील बिंगहॅम्प्टन गावचा. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. मुलाला वेड विमानाचे. 1920 साली त्याने उड्डाणाचा पहिला धडा घेतला. त्याचे पन्नास डॉलर मोजले आणि तासभर कोलांट्या खाऊन खाली उतरला, तेव्हा लक्षात आले की सुकाणूला आपला हातही लागलेला नाही. इतक्या महाग दराने विद्या मिळणार असेल तर ती जमिनीवरच का शिकू नये, असा त्याचा हिशेब. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते, नळ्या, झडपा घरच्या कारखान्यात होत्याच. त्यांच्यावर त्याने आखूड पंखांची एक लाकडी पेटी बसवली. आत बसून दांडी हलवली की पेटी झुके, वळे, नाक वर करी. 1929 पर्यंत यंत्र तयार झाले. मात्र वैमानिकी शाळांनी त्याकडे पाठ फिरवली, आणि करमणुकीच्या बागांत नाणे टाकून बसायचे खेळणे म्हणून ते विकावे लागले. बापाच्या धंद्यातील सामानावर मुलाने नवा धंदा उभारला, ही गोष्ट मला, व्यापाऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे असेल कदाचित, विमानापेक्षाही अधिक भावली.

या खेळण्याचे दिवस फिरले ते एका दुर्दैवाने. 1934 च्या आरंभी अमेरिकी सरकारने हवाई टपालाचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या वैमानिकांकडे दिले. ढगात केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मृत्युमुखी पडले. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की माणसाचा कान त्याला फसवतो. विमान एका अंगाला कलत चाललेले असते आणि शरीर सांगत असते की आपण सरळ आहोत. ही फसवणूक ओळखायला लिंकची पेटी शिकवत असे. सैन्याने प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर देऊन सहा यंत्रे घेतली. पुढे महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली.

घरातल्या संगणकावरचे विमान त्याच वंशातले. ब्रूस आर्टविक या अभियंत्याने सत्तरच्या दशकात विद्यापीठात असताना संगणकाच्या पडद्यावर उड्डाण दाखवण्याचा अभ्यास केला. त्यातून 1980 मध्ये ॲपलच्या आणि 1982 मध्ये आयबीएमच्या संगणकासाठी त्याचा कार्यक्रम बाजारात आला. दुसरा मायक्रोसॉफ्टने विकला आणि तो आजही नव्या रूपात चालू आहे.

मग प्रश्न उरतो, चार वर्षे पडद्यावर घासलेल्या मुलाला खऱ्या विमानात त्याचा उपयोग किती?

पुतण्याच्या प्रशिक्षकांना मी हेच विचारले. ते हसले. "अशी मुले पहिल्याच दिवशी ओळखू येतात. उपकरणांची नावे पाठ, उड्डाणापूर्वीची तपासणी-यादी पाठ, नकाशा वाचता येतो, बिनतारी संदेशाची भाषा कळते. इतरांना यासाठी बरेच दिवस लागतात. पण यांचे डोळे आत असतात." म्हणजे असे की, पडदा सपाट असल्यामुळे ही मुले तबकड्यांवर विमान चालवायला शिकतात. स्वच्छ हवेत शिकाऊ वैमानिकाने मात्र बाहेरचे क्षितिज पाहायचे असते आणि आकाशात दुसरे विमान आहे का, हेही पाहायचे असते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्यासमोरच्या तबकड्यांवर कागद चिकटवले आणि म्हणाले, "आता चालव."

पायांचेही तसेच. सेसना 172 सारखे एका इंजिनाचे विमान पूर्ण जोर लावताच डावीकडे ओढ घेते आणि उजव्या पायाने ती सावरावी लागते. खोलीत नुसत्या दांडीवर शिकलेल्याचे पाय आळशी असतात. हाताला जाणवणारा दाब, उतरताना जमीन नेमकी कधी 'वर येते' याचा अंदाज, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचे गचके, हे सारे नवेच. म्हणूनच आपल्याकडे शिकवण्याच्या फेऱ्या शक्यतो सकाळी लवकर घेतात. आणखी एक गोष्ट पुतण्यानेच सांगितली: "काका, घरी चुकले की थांबवता येत होते." सवयीने त्याचा अंगठा एकदा ते बटण शोधू लागला होता म्हणे.

आता व्यवहाराचे थोडे. आपल्या घरांतील बहुतेक मुले वाणिज्य शाखेची. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित मागितले जात आले आहे; हे विषय नसलेली मुले ते मुक्त विद्यालयातून देतात. नियम बदलत असतात, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची सध्याची अट स्वतः पाहून घ्यावी. शुल्क भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करावी, हे तर मी हात जोडून सांगेन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर वाट तेथेच अडू शकते, आणि तोवर पहिला हप्ता भरून झालेला असतो. विद्यार्थी परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो. खाजगी परवान्यासाठी सतरा वर्षे पूर्ण आणि चाळीस तासांचे उड्डाण लागते, पण त्यावर कमाई करता येत नाही. नोकरीसाठीच्या व्यावसायिक परवान्याला अठरा वर्षे आणि दोनशे तास. घरच्या संगणकावरील हजार तासांतला एकही या खात्यावर जमा होत नाही.

अण्णांनी हा हिशेब शांतपणे ऐकला. "दोनशेचा सौदा आज करायचा नाही," ते म्हणाले. "तपासणी होऊ दे. मग चाळीस तास. तोवर गणिताची परीक्षाही देऊन होईल. त्यानंतर पुन्हा बसू."

गेल्या महिन्यात आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो. पहाटेच्या गारव्यात कुंपणाशी उभे राहून अण्णा एकाच विमानाकडे टक लावून पाहत होते. ते उतरले, टेकताना जरासे उडाले, पुन्हा टेकले. पुतण्या घामाघूम होऊन आमच्याकडे आला. त्याला वाटले, वडील काही कौतुकाचे बोलतील. अण्णांनी विचारले, "तासाला इंधन किती खाते?"

"तीस-पस्तीस लिटर."

अण्णांनी खिशातली वही काढली आणि आकडा टिपून घेतला.