संग्रामदुर्गातला माझा दगड

चाकणच्या तळेगाव चौकात तुम्ही कधी ना कधी नक्की अडकला असाल. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, आणि सगळे हॉर्न वाजवतायत. तिथून गावात वळलं की एक किल्ला आहे, माहितीये? मला नव्हतं. आणि मी लहानपणापासून निगडीत राहते!

संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. तरी १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला फिरंगोजी नरसाळा यांनी दीड महिन्याहून जास्त काळ इथे रोखून धरलं. शेवटी मुघलांनी भुयार खणून बुरूज सुरुंगाने उडवला, तेव्हा कुठे किल्ला पडला. आज तटाचे तुकडे, काही बुरूज उरलेत आणि भोवती वस्ती. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आहेत. हा नाही.

फीचर लिहायचं म्हणून मी श्रमदानाच्या एका ग्रुपमध्ये नाव दिलं. शनिवारी रात्री मंदिराच्या सभामंडपात सतरंजीवर मुक्काम, पिठलं-भाकरी, डासांची फुल संगत. ग्रुपमधली निम्मी पोरं एमआयडीसीतली. एक जण तर थर्ड शिफ्ट संपवून डोळे चोळत थेट घमेलं उचलायला आला.

मला वाटलं होतं, आपण भिंत बांधणार. छे! गवत काढायचं, बाटल्या-प्लास्टिक गोळा करायचं, सांगितलेल्या जागेवरची माती हलवायची. दगडाला हात लावायचा नाही. तो पुरातत्त्व विभागाच्या परवानगीचा आणि जाणत्या गवंड्याचा विषय.

आणि मी नेमका तोच घोळ घातला. तटाच्या सांध्यात वीतभर पिंपळाचं रोप दिसलं. मुळं भिंत फोडतात एवढं ऐकलं होतं. धरलं आणि ओढलं.

"ताई, ओढू नका!" दादा ओरडले, तोवर रोप माझ्या हातात. त्याच्यासोबत मूठभर चुना आणि नारळाएवढा एक दगड खाली. शाहिस्तेखानाला सुरुंग लागला होता, मला दोन सेकंद पुरले.

दादा रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी आधी जागेचा फोटो काढला, मग दगडाचा. म्हणाले, रोप बुडाशी कापायचं आणि मूळ जागच्या जागी मारायचं. ओढलं की सांधा उघडतो, पावसाचं पाणी थेट आत. मी विचारलं, थोडं सिमेंट लावून बसवूया का? थर्ड शिफ्टवाला हसायलाच लागला. जुना चुना श्वास घेतो; सिमेंट ओल आत कोंडतं आणि मग शेजारचा धडका दगडही झिजू लागतो. चुना म्हणजे तरी नुसती पांढरी पूड नव्हे. वाळू घालून घाणीत मळायचा, गूळ, हिरड्याचं पाणी घालायचं, मुरू द्यायचा. एका रविवारात होणारं कामच नाही ते.

माझा दगड सध्या तटाच्या पायथ्याशी ठेवलाय, खडूने खूण करून. परवानगी आली, गवंडी आला की बसेल. तोवर मी दर रविवारी जाऊन बघून येते. तुम्ही येणार असाल तर चपला नकोत, बूट घाला. आणि पिंपळ दिसला तर आधी हाक मारा.