हाताबाहेरची फांदी आणि विजेची करवत

पोल सॉ म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली, विजेवर चालणारी छोटी चेन सॉ. शिडी न लावता, झाडावर न चढता, जमिनीवर उभे राहून डोक्यावरची फांदी कापता यावी एवढ्यासाठीच ती बनलेली आहे. कोल्हापुरात हे काम आजवर दोन प्रकारांनी होत आले. बारीक डहाळी असेल तर वेळूच्या काठीला कोयता किंवा आकडी बांधून ओढायची. जाड फांदी असेल तर कमरेला दोर बांधून झाडावर चढणारा माणूस बोलवायचा. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा भागांत बंगल्याच्या आवारात आंबा, फणस, जांभूळ, शेवगा यांपैकी काही ना काही असतेच. वळीव तोंडावर आला की सगळ्यांनाच फांद्या उतरवायच्या असतात आणि चढणारा माणूस हवा तेव्हा मिळेलच असे नाही. त्यामुळे हे यंत्र आता घरगुती वापरात येऊ लागले आहे.

यंत्राची रचना साधी आहे. टोकाला २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे आठ-दहा इंच लांबीची चपटी पोलादी पट्टी असते. तिला बार म्हणतात. बारच्या कडेच्या खाचेतून दातेरी चेन फिरते, साधारण सेकंदाला १० मीटर वेगाने. बॅटरीच्या लहान मॉडेलांत हा वेग बराच कमी असतो. मोटर काही मॉडेलांत बारजवळ, वरच्या टोकाला असते, तर काहींत खाली, हाताजवळ. खालची मोटर हाताला सोपी जाते, कारण चार-साडेचार किलोच्या यंत्राचे वजन टोकाला एकवटले की दहा मिनिटांत खांदे भरून येतात. दुकानात यंत्र आडवे ठेवून दाखवतात. ते पूर्ण लांब करून, डोक्यावर धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चेन सॉचा इतिहास मोठा गमतीदार आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेन सॉ बनवली, तेव्हा तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. आज वापरात असलेल्या चेनचा आकार मात्र एका अळीवरून आला. अमेरिकेतील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये एका भुंगेऱ्याची अळी लाकडात आडवे-उभे कसेही सहज पोखरत जाते, हे पाहिले. अळीचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चालत. त्यावरून त्याने डावा-उजवा असे आलटून पालटून वळलेले दाते असलेली चेन बनवली. पोल सॉच्या लहानशा चेनवरही तीच डावी-उजवी रांग दिसते.

विजेच्या पोल सॉ दोन प्रकारच्या असतात. वायरवाली साधारण ६०० ते ८०० वॉटची असते. ती स्वस्त, बॅटरी संपण्याची भीती नाही, पण वायर सतत पायात आणि फांद्यांत अडकते. ७५० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सव्वातीन ॲम्पिअरच्या आसपास वीज ओढते. त्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची एक्स्टेन्शन वायर पुरते. मंडपातल्या लायटिंगची बारीक वायर चालत नाही. रीळवरची वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. प्लग ज्या बोर्डावर आहे तिथे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. करवतीखाली स्वतःचीच वायर आली, तर माणसाला वाचवणारी ती एकमेव गोष्ट असते.

बॅटरीवाली महाग, पण आवारात मोकळेपणाने फिरता येते. तिचा हिशेब मात्र समजून घ्यावा. १८ व्होल्ट, ४ ॲम्पिअर-अवर बॅटरीत ७२ वॉट-तास ऊर्जा मावते. कापताना यंत्र ४०० वॉट घेत असेल, तर सलग चालवल्यास ती अकरा मिनिटांत संपेल. हे ऐकायला थोडे वाटते, पण मनगटाएवढी फांदी कापायला काही सेकंदच लागतात. बाकी वेळ उभे राहण्यात, निरखण्यात आणि खाली पडलेले ओढण्यात जातो. घरच्या तीन-चार झाडांना एक बॅटरी बहुधा पुरते.

खोक्यावर ‘१५ फुटांपर्यंत पोहोच’ असे छापलेले असते. त्यात माणसाची उंचीही धरलेली असते, आणि दांडा जवळजवळ सरळ उभा धरला आहे असे मानलेले असते. यंत्र तसे धरायचेच नसते. माहितीपुस्तिका सांगते की दांड्याचा जमिनीशी कोन ६० अंशांपेक्षा जास्त नको, कारण त्याहून उभा धरला की कापलेली फांदी दांड्यावरून घसरत थेट माणसावर येते. २.७ मीटर लांबीचा दांडा ६० अंशांत धरला तर त्याचे टोक हातांच्या वर २.३ मीटर जाते. हात जमिनीपासून १.३ मीटरवर धरले तर खरी पोहोच ३.६ मीटर, म्हणजे बारा फूट. त्याहून उंच फांदी या यंत्राची नव्हे. शिडीवर चढून पोल सॉ चालवणे तर निव्वळ वेडेपणा. नारळाचाही विषय इथेच संपतो.

सगळ्यात मोठा धोका चेनचा नाही, तारांचा आहे. दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. ‘बॅटरीवर चालते, मग शॉक कसा बसेल?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. शॉक यंत्राच्या विजेचा नसतो, वरच्या तारेचा असतो. गल्लीतल्या खांबावरच्या तारा अनेक ठिकाणी उघड्या असतात. त्यांत दोन तारांमध्ये ४०० व्होल्ट असतात. रस्त्याकडेच्या मोठ्या वाहिनीत ११,००० व्होल्ट असतात आणि तिथे तारेला प्रत्यक्ष टेकावेही लागत नाही. फायबरचा दांडाही ओला किंवा मळका झाला की भरवशाचा राहत नाही, आणि ओली हिरवी फांदी स्वतःच वीज वाहून नेते. म्हणजे दांडा तारेपासून दूर असला, तरी कापलेली फांदी तारेवर जाऊन पडली तर काम तमाम. यंत्र, माणूस आणि पडणारी फांदी यांपैकी काहीही तारेच्या १० फुटांच्या आत येता कामा नये. काही कंपन्यांच्या पुस्तिका तर ५० फूट सांगतात. कोल्हापूरच्या गल्ल्यांची रुंदी पाहता रस्त्याकडच्या बहुतेक फांद्या या नियमानेच बाद होतात. त्या महावितरणच्या माणसांनी वीजप्रवाह बंद करूनच उतरवायच्या.

प्रत्यक्ष कापण्यात कौशल्य हाताचे कमी, डोळ्याचे जास्त. आधी फांदी कुठे पडेल ते पाहायचे. १० सेंटिमीटर जाडीची आणि ३ मीटर लांबीची ओली फांदी पाने सोडूनही वीस किलोच्या पुढे भरते. ती चार मीटरवरून सुटली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी ३० किलोमीटरहून जास्त असतो. शिवाय ती सरळ खाली येतेच असे नाही. शेंडा आधी टेकतो आणि बुंध्याकडचे टोक उसळून माणसाकडे येते. म्हणून फांदीखाली उभे न राहता बाजूला उभे राहायचे, मागे सरकायला वाट मोकळी ठेवायची आणि लांब फांदी शेंड्याकडून दोन-दोन, तीन-तीन फुटांचे तुकडे करत उतरवायची. हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, जाड हातमोजे आणि बूट हवेतच. वर पाहून काम करताना भुसा थेट डोळ्यांत येतो.

चेन सुरू करून मग फांदीला टेकवायची, टेकवून सुरू करायची नाही. बारच्या खालच्या कडेने कापताना चेन यंत्राला फांदीकडे ओढून घेते, त्यामुळे बारच्या मुळाशी असलेला आकडा फांदीला भिडवून ठेवला की हादरे कमी बसतात. वरच्या कडेने, म्हणजे फांदीच्या पोटातून कापताना उलटे घडते: यंत्र माणसाकडे ढकलले जाते. बारचे टोक तर कशालाही लागू द्यायचे नाही. तिथून करवत झटक्याने उसळते.

जाड फांदीला तीन काप द्यावे लागतात. पहिला खोडापासून फूट-दीड फुटावर, खालून, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या थोडा बाहेरच्या बाजूला, वरून, आरपार. फांदी पडते आणि खुंट उरतो. तिसऱ्या कापाने तो खुंट काढायचा. खालचा काप न देता थेट वरून कापले तर वजनाने फांदी अर्ध्यातच मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून निघते. ती जखम झाड अनेक वर्षे वागवते.

तिसरा काप कुठे द्यायचा, यावर पूर्वी मतभेद होते. खोडाला अगदी चाटून, सपाट कापावे, अशी जुनी रीत होती. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत झाडे उभी चिरून आतल्या जखमा अभ्यासल्या आणि ही रीत चुकीची ठरवली. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुरकुतलेला, किंचित फुगलेला कंठ असतो. कूज आत जाऊ नये म्हणून झाड तिथेच भिंती उभारते. काप या कंठाच्या लगेच बाहेर हवा. कंठ कापला की भिंतही गेली, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत शिरते. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकते, हे शायगो यांचे म्हणणे आज जगभर मान्य आहे. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा उपयोग नाही. आंब्यासारख्या फळझाडाला मात्र पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस आपल्याकडे केली जाते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

कधी छाटायचे हे झाडावर ठरते. आंब्याचा मोहर हिवाळ्यात पक्व काडीवर येतो. दिवाळीनंतर फांद्या छाटल्या तर त्या वर्षीचे आंबे गेलेच. म्हणून आंबे उतरवले की लगेच, पावसाची उघडीप पाहून काम उरकावे. शेवगा, गुलमोहर आणि रेन ट्री ही ठिसूळ लाकडाची झाडे. वळवाच्या वाऱ्यात आधी हीच मोडतात, तेव्हा त्यांची सुकी व जड टोके मार्चपर्यंत हलकी केलेली बरी. एका वर्षात हिरव्या पानोळ्याचा पाव हिस्सा काढला तर पुरे. सगळा शेंडा उडवून झाड बोडके करणे ही छाटणी नव्हे. त्यातून फुटणारे कोंब वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच आधी पडतात. उन्हाळा हा कावळ्यांच्या घरट्यांचाही काळ आहे. वर घरटे किंवा माश्यांचे पोळे असेल, तर यंत्र गुंडाळून ठेवावे. आग्या माश्यांपुढे हेल्मेटचे काही चालत नाही.

पोल सॉ खरी कामाला येते ती बांडगुळासाठी. फुलटोच्या पक्षी बांडगुळाची फळे खातो आणि चिकट बिया फांदीला पुसतो. तिथेच नवे बांडगूळ रुजून आंब्याचा रस ओढू लागते. नुसते ओरबाडले तर ते पुन्हा फुटते. मुळे फांदीच्या आत पसरलेली असल्याने जोडापासून खोडाकडे सुमारे फूटभर आत फांदी कापावी लागते. ही फांदी सहसा बारीक पण उंच असते, आणि तिथे कोयता नीट बसत नाही.

झाड स्वतःच्या आवारात असले तरी ते सर्वस्वी मालकाचे नसते. शहरात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले जाते. फांद्या उतरवायच्या असल्या तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्यावा. शहराबाहेर ग्रामपंचायत हद्दीत १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा पाहावा लागतो. त्याच्या यादीत साग, चंदन यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही घरगुती झाडेही आहेत.

देखभालीत कंटाळा केला तर यंत्र वर्षभरात बिघडते. चेनला चेन ऑइलच घालावे. गाडीचे काळे, वापरलेले ऑइल घातले तर त्यातले धातूचे कण बार खातात. भुशाऐवजी बारीक पीठ पडू लागले की चेन बोथट झाली असे समजावे. नेहमीच्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशांच्या कोनात, प्रत्येक दात्याला सारखे हात मारून चालते. आंब्या-फणसाचा चीक बारवर वाळू देऊ नये. चेन काढताना किंवा ताणताना बॅटरी किंवा प्लग आधी काढायचा, याला अपवाद नाही. उतरलेले लाकूड वाळवले की ज्या घरात अजून बंब आहे तिथे त्याची सोय होते. पाने खड्ड्यात घालून खत करावे, पेटवू नये.

एकाच घरासाठी हे यंत्र विकत घेणे बहुधा परवडत नाही. वर्षातले दोन-तीन दिवस सोडले तर ते खोलीत पडून राहते. कॉलनीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावे आणि ते चालवायला एकानेच नीट शिकून घ्यावे. बारा फुटांच्या वरच्या, घराच्या पत्र्यावर झुकलेल्या किंवा मांडीएवढ्या जाड फांदीला अनुभवी माणूसच लागतो. आणि तार जवळ असेल, तर यंत्र बाहेर काढण्याआधी महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करावा.