रांजणगावचा त्रिपुरासुर आणि 'स्टार वॉर्स'चा डेथ स्टार: हॉलिवूडने खरंच आपल्या पुराणांतून ढापलंय का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सगळ्यात आधी मेसेज पडतो तो शिरूरच्या मामाचा. त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी त्याने एक फॉरवर्ड टाकला. एका बाजूला रांजणगावच्या महागणपतीचा फोटो, दुसऱ्या बाजूला 'स्टार वॉर्स'मधला तो गोल, राखाडी डेथ स्टार. खाली मजकूर असा, की आकाशात फिरणारं शहर आणि ते एका बाणात उडवणं हे आपल्या पुराणात आधीच आहे, इंग्रजी पिक्चरवाल्यांनी ते ढापलं, अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.

दौंडच्या मावशीने हात जोडले. इंजिनिअर भावाने हसण्याचा इमोजी टाकला. मामा चिडला, भाऊ ग्रुप सोडून गेला आणि दिवाळीत गोड झालेली तोंडं पंधरा दिवसांत कडू झाली.

असे फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येत असतील. त्यामुळे प्रश्न नीट सोडवूया. सायन्स फिक्शनच्या गाजलेल्या पिक्चरमध्ये धर्म आणि पुराणं खरंच असतात का? असतील तर कुठे, आणि ते ओळखायचं कसं?

त्रिपुरासुराची गोष्ट काय आहे?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना साधारण ५० किलोमीटरवर शिरूर तालुक्यातलं रांजणगाव लागतं. आज बाहेरच्या लोकांना ते एमआयडीसीमुळे माहीत असतं, पण त्याची जुनी ओळख अष्टविनायकांपैकी महागणपती ही. इथली कथा अशी, की त्रिपुरासुराला वर मिळाला, तो माजला आणि त्याने देवांना पळवून लावलं. शंकरालाही तो आवरेना, कारण शंकराने युद्धाआधी गणपतीचं पूजन केलं नव्हतं. चूक लक्षात आल्यावर शंकराने इथे गणपतीची आराधना केली आणि मग त्रिपुरासुराचा वध झाला.

महाभारतात आणि इतर पुराणांत हीच गोष्ट थोडी वेगळी येते. तिथे तारकासुराची तीन मुलं आहेत आणि मयासुराने त्यांना बांधून दिलेली तीन पुरं आहेत. एक सोन्याचं, एक चांदीचं, एक लोखंडाचं. ही पुरं हलती आहेत, आणि हजार वर्षांतून एकदाच एकत्र येतात. त्या एका क्षणी एकाच बाणाने तिन्ही पाडता आली तरच ती पडणार. शंकर तो क्षण साधतो. कार्तिकातल्या पौर्णिमेला आपण त्रिपुर पाजळतो, त्यामागे हीच कथा सांगितली जाते.

दौंडकडच्या लोकांना अशीच दुसरी कथा ओळखीची आहे. दौंडहून भीमा ओलांडली की पलीकडे कर्जत तालुक्यातलं सिद्धटेक. मधु आणि कैटभ या दैत्यांशी विष्णू लढत राहिला, पण ते मरेनात. शेवटी त्याने या टेकडीवर गणपतीची आराधना केली, सिद्धी मिळवली आणि मग युद्ध संपलं.

दोन्ही कथांमध्ये ताकद कमी पडत नाही, काहीतरी वेगळंच कमी पडतं. ते मिळालं की लढाई सुटते. 'स्टार वॉर्स' पाहिलेल्यांना हे वाचून ल्यूक आठवणार. तोही शेवटच्या क्षणी नेम धरायचं यंत्र बंद करतो, 'फोर्स'वर भरवसा ठेवतो आणि एका छोट्या भोकात मारा करून अख्खा डेथ स्टार उडवतो.

म्हणजे मामाला साम्य दिसलं, ते काही खोटं नाही.

मग डेथ स्टार आला कुठून?

इथे मात्र मामाची गाडी अडते. 'स्टार वॉर्स' १९७७ मध्ये आला. डेथ स्टारवरच्या हल्ल्याचा माग सापडतो, आणि तो पुराणात नाही, युद्धपटात जातो. १९५५ चा 'द डॅम बस्टर्स' नावाचा ब्रिटिश पिक्चर आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली ब्रिटिश विमानांनी जर्मनीतली धरणं कशी फोडली, त्यावरचा. खाली उडत जाऊन नेमक्या अंतरावरून बॉम्ब सोडायचा, चुकला तर संपलं. लुकासच्या पिक्चरमधला हल्ला त्याच धर्तीवर आहे. स्पेशल इफेक्ट तयार होईपर्यंत त्याने एडिटिंगमध्ये जुन्या युद्धपटांतली विमानांच्या झुंजीची दृश्यंच भरून काम चालवलं होतं.

गोष्टीच्या मांडणीवर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 'द हिडन फोर्ट्रेस' या १९५८ च्या पिक्चरचा परिणाम आहे. लुकासने ते स्वतः मान्य केलंय.

तरी साम्य आलं कसं? कारण गोष्ट सांगणाऱ्याची अडचण सगळीकडे सारखीच असते. शत्रू अजिंक्य दाखवला नाही तर मजा नाही, आणि खरोखरच अजिंक्य ठेवला तर गोष्ट संपत नाही. मग एक फट ठेवावी लागते. दुर्योधनाची मांडी, हिरण्यकशिपूच्या वरातली पळवाट, ग्रीकांच्या अकिलीसची टाच आणि डेथ स्टारचं ते भोक, सगळी एकाच गरजेतून आली.

पण धागा आहे, जरा लांबचा

विषय इथेच संपला असता तर भाऊ जिंकला असता. तसंही नाही.

लुकासने अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलचं 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' हे १९४९ चं पुस्तक वाचलं होतं आणि त्याचं ऋण तो उघड सांगतो. जगभरच्या पुराणकथांमधला नायक घर सोडतो, गुरू भेटतो, संकटातून जातो आणि बदलून परत येतो, अशी या पुस्तकाची मांडणी. कॅम्पबेलचा भारतीय पुराणांचा अभ्यास मोठा होता. हाइनरिश झिमर या जर्मन विद्वानाचं भारतीय कला आणि तत्त्वज्ञानावरचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर कॅम्पबेलनेच संपादित केलं. स्वामी निखिलानंदांच्या रामकृष्ण परमहंसांवरच्या इंग्रजी ग्रंथाच्या कामातही त्याने मदत केली होती.

म्हणजे आपल्या कथा 'स्टार वॉर्स'पर्यंत पोचल्या असतील तर त्या अशा, एका वाचकाकडून दुसऱ्याकडे आणि इतर अनेक देशांच्या कथांसोबत. 'फोर्स'बद्दल लुकासने सांगितलंय, की तरुण पोरांमध्ये अध्यात्माचं कुतूहल जागं व्हावं एवढाच हेतू होता, कुठला एक धर्म सांगायचा नव्हता.

साम्य आणि प्रभाव यात फरक कसा करायचा?

तीन साधे प्रश्न विचारायचे.

१. बनवणाऱ्याने स्वतः तसं सांगितलंय का?
२. कलाकृतीतच पुरावा आहे का, म्हणजे शब्द, मंत्र, नावं?
३. ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोचल्याचा रस्ता दिसतो का?

तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर ते साम्य. एकाचं तरी पक्कं 'हो' असेल, तर प्रभावाबद्दल बोलता येतं. या कसोटीवर काही नावं उतरतात.

अवतार (२००९): शब्द सरळ आपला. जेम्स कॅमेरॉनने सांगितलंय, की देव देह धारण करून येतो या हिंदू कल्पनेवरून हे नाव घेतलं. गोष्टीतही माणूस दुसऱ्या देहात उतरतो.

मॅट्रिक्स: तिसऱ्या भागात, २००३ च्या 'मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स'मध्ये, निओ आणि स्मिथच्या शेवटच्या मारामारीत कोरस जे गातो ते संस्कृत आहे. त्यात बृहदारण्यक उपनिषदातली, आपण शाळेत म्हटलेली प्रार्थना आहे. दिसतं ते खरं नाही, ही या पिक्चरची मूळ कल्पना. तिच्याशी ते जुळतंही. पण त्याच पिक्चरमध्ये 'ट्रिनिटी' हे नाव आणि 'झायन' हे शहर आहे, म्हणजे ख्रिस्ती आणि ज्यू परंपराही तेवढीच आहे.

बॅटलस्टार गॅलॅक्टिका: २००४ च्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात चक्क गायत्री मंत्र आहे. आणि हीच मालिका १९७८ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिचा निर्माता ग्लेन लार्सन मॉर्मन पंथाचा होता. मॉर्मन ग्रंथांत 'कोलोब' आहे, मालिकेत 'कोबोल' नावाचा ग्रह.

ड्यून: फ्रँक हर्बर्टच्या १९६५ च्या कादंबरीत माहदी, जिहाद असे शब्द थेट येतात. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा धर्म त्याने इस्लाम आणि झेन बौद्ध विचार एकत्र करून रचलाय.

यादी पाहिली तर लक्षात येईल, की 'फक्त आपलंच घेतलं' असं म्हणायला कुठेच जागा नाही. या लेखक-दिग्दर्शकांनी जगभरच्या देवघरांतून थोडं थोडं उचललंय.

हे लोक धर्माकडे जातातच कशाला?

कारण प्रश्न तेच आहेत. मेल्यावर काय? आपल्याला कुणी बनवलं? ताकद हातात आली तर ती कुठवर वापरायची? रॉकेट आणि रोबोट आले म्हणून हे प्रश्न सुटत नाहीत, उलट वाढतात.

'ड्यून'ची खरी गंमत इथेच आहे. त्यात एक गट वेगवेगळ्या ग्रहांवर जाऊन 'तारणहार येणार' अशा भाकड भविष्यवाण्या आधीच पेरून ठेवतो, पुढे कधी गरज पडली तर वापरता याव्यात म्हणून. नायक पॉल त्याचाच फायदा घेतो. लोक त्याला देव मानतात आणि त्याच्या नावाने कत्तली होतात. कुणा एका माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असं हर्बर्टला सांगायचं होतं. तरी कित्येक वाचक पॉलचे भक्तच झाले.

'स्टार वॉर्स'चंही तसंच. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' लिहिलं. बऱ्याच जणांनी गंमत म्हणून लिहिलं असेल, पण काहींनी पुढे खरंच संघटना काढल्या.

मराठीत हे कुणी केलं?

पुण्यातच, आणि सगळ्यात ठसठशीत केलं ते जयंत नारळीकरांनी. 'आयुका'चे संस्थापक, जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती.

आता त्यांच्या पुस्तकांची नावं बघा: 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'प्रेषित', 'वामन परत न आला'. सगळी पुराणांतली किंवा धर्मातली. 'वामन परत न आला'मधला वामन हा माणसाला डोईजड होऊ पाहणारा यंत्रमानव आहे. सुरुवातीला बटू दिसणारं काहीतरी तीन पावलांत सगळं व्यापतं, हे एका शब्दात सांगायला वामनापेक्षा चांगलं नाव कुठून मिळणार? आपल्याकडे तर दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणतात आणि शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यालाच बळीराजा म्हणतात. इथला वाचक या नावाकडे पाताळात ढकलल्या गेलेल्याच्या बाजूनेही बघू शकतो.

पण हेच नारळीकर पुराणात विज्ञान शोधणाऱ्यांचे कडक टीकाकार होते. २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या वेगळ्या ओळखायच्या होत्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं.

२० मे २०२५ रोजी ते गेले. पुराणातला शब्द कथेत वापरणं आणि पुराणाला विज्ञानाचं पुस्तक समजणं, यातली रेघ त्यांनी आयुष्यभर पाळली.

ढापलं म्हटलं तर बिघडलं काय?

बिघडतं. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला. त्याचा आधार होता 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच तो तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतकी वर्षं उलटली, तरी निष्कर्षापेक्षा दावाच जास्त फॉरवर्ड झाला.

यात विज्ञानाचं नुकसान आहेच, पण कथेचंही आहे. त्रिपुराची तीन पुरं म्हणजे स्पेस स्टेशन, असं म्हटलं की ज्याने ती कल्पना केली त्याचं श्रेय आपण काढून घेतो. हाताशी दुर्बीण नसताना कुणीतरी आकाशात फिरणारी तीन शहरं डोळ्यांसमोर उभी केली. ते त्याने कुठे पाहिलं नव्हतं, मनाने रचलं होतं. त्या माणसाला रिपोर्टर करून टाकलं तर अभिमान बाळगायचा कशाचा?

मी शेवटी मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, त्यांनी ढापलं नाही. पण आपल्याकडे ती गोष्ट त्यांच्या कितीतरी आधी होती, हे खरं आहे." मामा म्हणाला, "मग मी वेगळं काय म्हणत होतो?" मी म्हटलं, "तुम्ही चोरी म्हणत होतात."

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाला, "त्या ड्यूनचा पिक्चर हिंदीत आहे का बघ. आणि त्याला ग्रुपमध्ये परत घे."